निरोगी माणसाचं माप

१

निवृत्त माणसाने काहीतरी उपयोगाचं करावं, असं सगळे सांगतात. सांगणारे अर्थातच अजून नोकरीत असतात. मी जन्मभर एका कचेरीत आवक-जावक पाहिली. माझा होता तेवढा उपयोग तिथेच होऊन गेला, अशी माझी समजूत होती. त्यामुळे एका संशोधन केंद्राला निरोगी म्हातारे हवे आहेत हे कळलं तेव्हा मला हसू आलं. आजारी म्हाताऱ्यांचा कुठेच तुटवडा नसतो. यांना मात्र धडधाकट हवे होते. म्हातारपण नीट पेलणाऱ्यांच्या शरीरात काय चाललेलं असतं, ते त्यांना मोजायचं होतं.

मी नाव दिलं ते विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. माझा थोरला भाऊ, दादा, शेवटच्या काळात वहिनीला ओळखेनासा झाला होता. ती जेवायला वाढायची आणि तो परक्या बाईने वाढल्यासारखा अवघडून जेवायचा. वहिनी त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. मला मरणाची फारशी धास्ती नाही, सगळ्यांचं जे होतं ते आपलंही होईल. पण आमच्या हिला वहिनीच्या जागी उभी केलेली माझ्याने बघवली नसती. केंद्रात आठवड्यातून दोन दुपारी डोकं, हात, पाय, छाती सगळं तपासत. काही बिघडायला लागलं तर सर्वांत आधी तिथे कळेल, एवढाच माझा स्वार्थ.

तपासण्या बालवाडीच्या वरच्या नव्हत्या. अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायचं. शंभरातून सात वजा करत जायचं. आज वार कोणता, घर कितव्या मजल्यावर, घरी सोबत कोण असतं, ते सांगायचं. नळीत एका दमात फुंकायचं. आणि पाच शब्द लक्षात ठेवायचे: घंटा, लिंबू, पायरी, कात्री, ढग. हे सगळं करून घेणाऱ्या बाई हातात सदैव थांबघड्याळ धरून असायच्या. मी त्यांना मनातल्या मनात घड्याळबाई म्हणायचो.

त्या मंगळवारी घड्याळबाईंनी माझ्यासमोर खोलीचं कुलूप उघडलं, दिवे लावले आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसलो. खुर्ची गरम होती.

२

खुर्ची गरम असणं हा काही गुन्हा नाही. कचेरीत असताना साहेब उठून गेल्यावर त्यांच्या खुर्चीत आम्ही सगळेच आळीपाळीने बसून घ्यायचो, त्यामुळे उठून गेलेल्या माणसाची ऊब मला ओळखता येते. ती उन्हासारखी पसरट नसते. तिला मांड्यांचा आकार असतो.

मी कारणं शोधली. खालच्या मजल्यावर यंत्रं असतील. खिडकीतून ऊन येत असेल. खिडकीला हात लावून पाहिला, काच गार होती. शेजारची खुर्चीही गार होती. पुढच्या वेळी पकडीची ताकद मोजायचं दांडकं हातात घेतलं, तर त्याची मूठ गरम आणि थोडी दमट. सही करायचं पेनही तसंच.

बोललो नाही. कारण दर दुपारच्या शेवटी घड्याळबाई विचारायच्या, "काही वेगळं जाणवलं का? कुणी आसपास असल्याचा भास वगैरे?" हा प्रश्न कशासाठी असतो ते न कळण्याइतका मी भोळा नाही. हो म्हटलं की निरोग्यांमधून नाव कापणार, आणि वर हिला बोलावून समोर बसवून सगळं समजावून सांगणार. तेवढ्यासाठी का मी बाह्या वर करून सुया टोचून घेत होतो?

"छे," मी म्हणायचो. "काही नाही."

बाहेरच्या बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका असायच्या. त्यांचाही दिवस माझाच. त्यांना सगळे हेडबाई म्हणत.

"काय हो हेडबाई, तुम्हाला खुर्ची गरम लागते का?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

त्यांनी गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "लागते की."

"पण आपल्या आधी कोणी बसलेलं नसतं."

"बसेना का कोणी! खुर्ची काय तुमच्या नावावर केलीय?" मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "हे पाहा, मी एकटी राहते. हल्ली इथून घरी गेले की दिवा लागलेला असतो. पिण्याचं पाणी भरून झाकून ठेवलेलं असतं. अंथरुणाच्या घड्या माझ्यासारख्याच."

"मग? भीती नाही वाटत?"

"बंद, अंधाऱ्या घराचं कुलूप तुम्ही कधी उघडलंयत?" त्या म्हणाल्या. "नाही ना? मग गप्प बसा. आणि आत काही बोलू नका, उगाच दोघांचीही नावं कापतील."

३

केंद्राची एक पद्धत होती. माणूस स्वतःविषयी काय सांगतो त्यावर त्यांचा भरवसा नसे. त्याच्या जवळच्या माणसाला अधूनमधून बोलावून घ्यायचे आणि वेगळ्या खोलीत विचारायचे. एका शुक्रवारी हिला बोलावलं. मला शेजारच्या खोलीत खुंट्या भोकांत बसवायला दिल्या होत्या. मधली भिंत लाकडी होती आणि छतापर्यंत पोचत नव्हती. बांधणाऱ्याने तिथे पैसे वाचवले होते.

डॉक्टरांचा आवाज आला. "विसरतात का हल्ली काही?"

"ते आणि विसरतील!" ही म्हणाली. "आमच्या लग्नात माझ्या मामाने त्यांना नीट नमस्कार केला नव्हता, ते अजून धरून बसलेत."

खरं होतं. नमस्कार केलाच नव्हता त्याने.

"चिडचिड?"

"सकाळची असते. पेपर उशिरा आला की जग बुडतं. पण दुपारचे फार शांत असतात हल्ली. माझा खांदा धरलाय ना, हात वर जात नाही. दुपारी तेच माझे केस विंचरतात, वेणी घालून देतात."

माझ्या हातातली खुंटी भोकाशेजारी टेकली आणि तिथेच राहिली.

"असं?" डॉक्टर म्हणाले. "बोलतात का तेव्हा?"

"फारसं नाही. ते तुमचे शब्द म्हणतात. घंटा, लिंबू, पायरी... हळू आवाजात. ऐकायला बरं वाटतं. इतक्या वर्षांत हे माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी काही बोलले नव्हते."

"आणि हे रोज?"

"नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी. आज मीच इकडे आले म्हणून राहिलं."

मंगळवार आणि शुक्रवार मी इथे असायचो. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ते आता खुर्ची मागे सारतील, काहीतरी म्हणतील, म्हणून मी कान देऊन बसलो.

"छान," डॉक्टर म्हणाले. पेरलेलं उगवल्यावर माळी म्हणेल, तसं.

४

बसमधून घरी येताना मी हिला विचारलं, "मी तुझी वेणी कधी घातली गं?"

"चला, चेष्टा पुरे."

"खरंच विचारतोय."

"अहो, लोक बघतायत," ही म्हणाली आणि चक्क लाजली. या वयात. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

शक्यता दोनच होत्या. मी करत होतो आणि विसरत होतो, किंवा कोणी करत नव्हतं आणि हिला भास होत होता. पहिल्या शक्यतेत मी दादाच्या वाटेला लागलो होतो, दुसरीत ही. दोन्हींपैकी बरी कुठली, ते मला ठरवता येईना.

मग मी हिची गुपचूप परीक्षा घेतली. दूधवाल्याला काय सांगितलंय, गॅस कधी संपला, धाकट्या नणंदेच्या सुनेचं माहेरचं आडनाव काय. हिने सगळं घडाघडा सांगितलं आणि वर म्हणाली, "झालंय काय तुम्हाला? चौकशी समिती बसवलीय का माझ्यावर?" मग स्वतःची परीक्षा घेतली. मंगळवारची दुपार मला क्षणाक्षणाने आठवत होती. केंद्राचा जिना, फिनाइलचा वास, नळीत फुंकताना दुखलेला गाल.

तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. पण सकाळीच हिने मला हाक मारून वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून मागितला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. आणि मंगळवारची वेणी अजून पाठीवर होती. तीन पेडांची, घट्ट, शेवटापर्यंत एकसारखी. मापात घातल्यासारखी.

५

पुढच्या वेळी हेडबाई बाकावर नव्हत्या.

"त्या आता येणार नाहीत," घड्याळबाई म्हणाल्या. "त्यांचं माप पूर्ण झालं."

"म्हणजे बऱ्या आहेत ना?"

"घरीच असतात."

मी मधल्या सुटीत हेडबाईंना फोन लावला. लगेच उचलला. आवाज त्यांचाच होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हेडबाई, बरं नाही का?"

"मी बरी आहे. आज मंगळवार आहे. मी पहिल्या मजल्यावर राहते."

"अहो, ते कळलं. आला का नाहीत?"

"मी बरी आहे," त्या म्हणाल्या. मग एका दमात सोडलेला लांब श्वास ऐकू आला, नळीत फुंकल्यासारखा. तो संपेचना. मी फोन ठेवला. हेडबाई माझ्या ओळखीत आल्यापासून मला न टोचता त्या एवढी वाक्यं कधीच बोलल्या नव्हत्या.

परत आत गेलो, तर डॉक्टर दारात उभे होते. "तुमचंही होत आलंय बरं का," ते प्रेमाने म्हणाले. "फारच व्यवस्थित माणूस आहात तुम्ही."

मी पोटात कळ आल्याचं सांगितलं आणि निघालो. एवढ्या लवकर मी कधीच घरी गेलो नव्हतो. घंटी वाजवली नाही. किल्लीने दार उघडलं, चपला हातात घेतल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरताना हसू यायला हवं होतं.

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून आरसा दिसत होता आणि आरशात ही. स्टुलावर बसलेली, डोळे मिटलेले. तिच्यामागे दोन हात, मनगटापर्यंत. त्यापुढचं दाराने झाकलं होतं. डाव्या अंगठ्याचं नख वाकडं. माझं नख कचेरीतल्या लोखंडी कपाटाने असंच वाकडं केलंय. हात एक बट घेत, दुसरीवर टाकत, आणि मग थांबून अंगठा एकेका बोटाला टेकवत. करंगळीपर्यंत आणि परत. मग पुढची बट.

"त्र्याण्णव," माझा आवाज म्हणत होता. "शहाऐंशी. एकोणऐंशी."

मोजलं होतं तेवढंच त्याला येत होतं. दुसरं काही येत नव्हतं. आणि तेवढ्यावर हिचा चेहरा असा झाला होता, जसा मी किती वर्षांत पाहिला नव्हता.

तिने डोळे उघडले. आरशातून मला पाहिलं.

ती दचकली नाही. ओरडली नाही. तिने नुसती मान हलवली, अगदी थोडी. मूल नुकतं झोपलेलं असताना आत येणाऱ्याला खुणावतात, तशी.

मी मागे सरकलो, दार ओढून घेतलं आणि जिन्यात बसून राहिलो. ते तिलाही दिसत होतं. म्हणजे माझं डोकं शाबूत होतं. ज्या बातमीसाठी इतके दिवस रक्त देत होतो, ती मला अशी जिन्यात मिळाली.

नेहमीच्या वेळेला घंटी वाजवली. हिने दार उघडलं, चहा ठेवला.

"यायच्या आधी फोन करत जा," ही माझ्याकडे न बघता म्हणाली.

"मी केंद्र सोडतोय."

"नका सोडू."

"अगं, माझं माप पूर्ण झालं तर?"

"तर काय होईल?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मलाही कुठे होतं? पण हेडबाईंच्या घरी फोन उचलला गेला होता, आणि उचलणाऱ्या हेडबाई नव्हत्या. मग हेडबाई कुठे होत्या?

६

शुक्रवारी गेलो नाही. ही दिवसभर केस मोकळे सोडून बसली. दुपारी आमच्या दाराबाहेर कोणीतरी चालू लागलं. टाचेला चवडा लावत, रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. घंटी वाजली नाही. मी दाराला आतून पाठ लावून उभा राहिलो. ही खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती, आणि मी पाव्हण्याला बाहेर ताटकळत ठेवलंय असा तिचा चेहरा होता.

म्हणजे न जाणं हा उपाय नव्हता. तेव्हा मला जन्मभराचं एकमेव कौशल्य आठवलं. अपूर्ण प्रकरण पुढे सरकत नाही. एखादं प्रकरण नाकारायला अधिकार लागतो, पण अडकवायला साधा कारकून पुरतो.

मंगळवारी कात्रीऐवजी सुरी म्हणालो. घड्याळबाईंनी मान वर केली. "पुन्हा आठवा." "सुरीच," मी म्हणालो.

संध्याकाळी हिची वेणी सुटलेली होती. "आज दोनच पेड घेतले," ही हसत म्हणाली. "दोन पेडांची वेणी राहते का कुठे? तरी घालत बसले आपले." ती आता लपवत नव्हती. आमच्या घरात त्याचा उल्लेख पलीकडच्या फ्लॅटमधल्या माणसाचा करावा तसा व्हायला लागला होता.

मी धीट झालो. वार चुकवला. मजला चुकवला. रेषेवरून चालताना भिंतीचा आधार घेतला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं समाधान ओसरू लागलं. इकडे हिचं हसणंही ओसरलं.

"लिंबावरच अडतात हल्ली," ती एकदा ताट वाढताना म्हणाली. "लिंबू, लिंबू, लिंबू. मग माझ्याकडे बघतात, पुढचं मी सांगावं म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी भुरकत राहिलो. मला तिचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण घर माझं होतं, बायको माझी होती, आणि नखसुद्धा माझंच होतं.

शेवटच्या शुक्रवारी डॉक्टर स्वतः माझ्यासमोर बसले. खुर्ची त्या दिवशी जेमतेम कोमट होती.

"घरी तुमच्यासोबत कोण असतं?"

"कोणी नाही."

"तुमच्या पत्नी?"

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "अगदी थोडक्यात राहिलं होतं. आता यायची गरज नाही तुम्हाला."

मी केंद्राच्या पायऱ्या शीळ घालत उतरलो. अयोग्य ठरल्याचा एवढा आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. घरी यायच्या आधी फोन केला, सांगितल्याप्रमाणे. कोणी उचलला नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे. हातात कंगवा.

"विंचरता विंचरता थांबले," ती म्हणाली. "कंगवा माझ्या हातात दिला. म्हणाले, तुम्ही चुकून दुसऱ्याच्या घरात आलात. माझं लग्न झालेलं नाही."

मी चपला काढल्या.

"काय सांगून आलात तुम्ही तिथे?"

"गेला का तो?"

"कुठे जातील?" तिचा आवाज फाटला. "एरवी या वेळेला आपले आपण उठून जायचे. आज दार कुठलं तेच उमजत नाही त्यांना. कपाट उघडून बघतायत, खिडकी उघडून बघतायत. पलंगावर बसवून आलेय."

तिने डोळे पुसले, चांगल्या हाताने पातेल्यातला चहा कपात ओतला आणि आत निघाली. कप सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत ती माझ्या शेजारून गेली. तिचा पदर मला लागला, तरी तिने वळून पाहिलं नाही. मी तिच्यामागे आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत पाऊल टाकायचा धीर झाला नाही. पडदे ओढलेले होते. पलंगाच्या कडेवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि त्याचा अंगठा मांडीवर बोटं शोधत होता. तर्जनी सापडत होती, पुढची नाही.

"कोण?" माझा आवाज म्हणाला.

"मी आहे," ही म्हणाली. "चहा आणलाय. घ्या."

कप बशीवर वाजला. घोट घेतल्याचा आवाज आला. मग पाठमोरं डोकं थोडं वळलं, पूर्ण नाही. बरणीत पडलेल्या किड्यासारखा तो आवाज घाबरलेला होता.

"बाई, दारात कोण उभं आहे?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मी चौकट धरून तिच्या उत्तराची वाट बघत होतो, आणि ती विचार करत होती.